उपळेकरांचं सुतक

स्वरूपानं देवापुढे समई लावली आणि तिथून सगळं बिनसलं. मुद्दाम नव्हे, सवयीनं लावली. दिवेलागण झाली, हात आपसूक तेलाच्या बुधलीकडे गेला, वात पुढे सरली. समोरच्या तारामावशी तेव्हा गच्चीवरून वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांना उघड्या खिडकीतून ज्योत दिसली आणि पातळ काढता काढता त्यांचा हात थबकला.

आता समईच ती, त्यात एवढं काय? पण उपळेकरांच्या घरात तेव्हा सुतक असायला हवं होतं. ‘मांडवगंगा’ पतसंस्थेचे कार्यकारी संचालक निरंजन उपळेकर गेल्याची बातमी चारच दिवसांपूर्वी सगळ्या मिरजेच्या मनगटांवरच्या पडद्यांवर झळकली होती. माणूस गेलेल्या घरात दहा दिवस देवाला दिवा लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. दिवा लागला म्हणजे सुतक नाही, सुतक नाही म्हणजे माणूस गेलेला नाही. आणि माणूस गेलेला नसेल, तर नेमकं त्याच सोमवारी पतसंस्थेच्या दाराला कुलूप कसं लागलं? तारामावशींनी निवृत्तीचा सगळा पैसा तिथंच ठेवला होता. त्यांनी बादली खाली ठेवली आणि भरभर जिना उतरल्या.

तसा बातमीतही घोळ होताच. सोमवारी संध्याकाळी रुग्णालयाच्या नोंदीत ‘मृत्यू’ असं उमटलं. दोन तासांनी त्याच रुग्णालयानं कळवलं, ‘रुग्ण विरामात, प्रकृती स्थिर’. दुसऱ्या दिवशीच्या एका वर्तमानपत्रानं तर कमालच केली, तिसऱ्या पानावर श्रद्धांजली आणि पाचव्या पानावर लवकर बरे व्हा. लोकांनी मग आपापल्या बातम्या तयार केल्या. कुणी उपळेकरांना बेळगावच्या रस्त्यावर चहा पिताना पाहिलं, कुणाच्या मेहुण्याला ते थेट दुबईत दिसले.

तारामावशी फाटकातूनच बोलायला लागल्या. "तुझ्या घरात चूल पेटायची न्हाई म्हणून पहिल्या दिवशी पिठलं-भात घेऊन आले मी. तुझ्या गळ्यात पडून रडले. आणि तू दिवे लावालीस?"

"मावशी, मी तेव्हाही सांगत होते. ते गेलेले नाहीत."

"मग हाईत कुठं?"

"दवाखान्यात."

"श्वास चालतोय?"

स्वरूपा घुटमळली. "नाही."

"नाडी?"

"नाही."

"मग गं?" तारामावशींचा आवाज खाली आला. त्या एक पाऊल मागे सरकल्या. "काय बोलालीस तुझं तुला तरी कळतंय का?"

स्वरूपाला कळत होतं, पण चारचौघांत सांगता येत नव्हतं. तिला निरंजन परत हवा होता, एवढंच. मूलबाळ नव्हतं, सव्वीस वर्षं दोघांनीच एकमेकांना धरून काढली होती. तो परत येणार असं डॉक्टर म्हणत होते आणि तो येईपर्यंत आपण विधवा व्हायचं नाही, इतकं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पतसंस्थेचं काय झालं, कुणाचे किती बुडाले, हे तिनं स्वतःला विचारूही दिलं नव्हतं. ते आल्यावर बघतील, त्यांना माहीत असणार.

थोरले दीर सुधीर उपळेकर त्याच संध्याकाळी तणतणत आले. त्यांनी आपल्या घरी पहिल्या दिवसापासून सुतक धरलं होतं. मिशी काढलेली, पायात चपला नाहीत. समई अजून तेवत होती. त्यांनी फुलानं ती शांत केली आणि भावजयीकडे न बघता म्हणाले, "स्वरूपा, सगळं गाव तुझ्या देवघराकडे डोळे लावून बसलंय. एवढं तरी भान ठेव."

"भाऊजी, तुमचा भाऊ आहे तो. परत येणार म्हणतायत, आणि तुम्ही मिशी काढून बसलात?"

"नोंद झाली ना मृत्यूची? मग सुतक धरायचं."

त्यांच्या बोलण्यात भावाचं दुःख कुठं ऐकू येईना, घाई तेवढी ऐकू आली. स्वरूपाला ते खटकलं. पण दुःखात माणसं कशीही वागतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

रुग्णालयाचा विरामकक्ष तळघरात होता. बिनचालकाची रिक्षा तिला मागच्या दारी सोडायची, कारण पुढच्या दाराशी ठेवीदार बसलेले असत. आत गेल्यावर अंगावर जाड कोट चढवावा लागे. काचेच्या लांबट पेटीत निरंजन उताणा होता. पेटीला रबरी बाह्या होत्या. त्यांत हात घालून त्याला स्पर्श करता येत असे. ती रोज त्याच्या छातीवर तळवा ठेवी आणि रोज तिचा तळवा दचके, कारण आत काहीच हलत नसे. सोमवारी सकाळी त्यानं गुळगुळीत दाढी केली होती. ती अजून तशीच होती. नखं वाढली नव्हती. पडद्यावर एकच सरळ रेष होती आणि तिला आवाज नव्हता.

"मला एकदा नीट समजावून सांगा," तिनं डॉक्टर रुबिना मुजावरना गाठलं. "हे जिवंत आहेत की नाही?"

डॉक्टर मुजावर उभ्या उभ्या बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या. "आपल्या सह्याद्रीच्या कातळावर शेवाळ असतं बघा. उन्हाळाभर वाळून कोरडंठक्क होतं. चुरगाळलं तर भुगा होईल असं. आणि पाणी पडलं की तासाभरात हिरवं. उन्हाळ्यात ते जिवंत होतं की मेलेलं? त्या शेवाळात एक साखर असते. ती पेशींचे पापुद्रे फाटू देत नाही, सगळं जागच्या जागी धरून ठेवते. ती साखर घातलेलं द्रव आम्ही रक्ताच्या जागी भरतो आणि शरीर हळूहळू आठ अंशांवर आणतो. एवढ्या थंडीत पेशींना प्राणवायू लागतच नाही म्हटलं तरी चालेल. मग हृदय थांबलं तरी काही नासत नाही."

"आणि मेंदू?"

"मेंदूतली वीज बंद आहे. पण आठवणी विजेत नसतात, जोडण्यांत असतात. घरातले दिवे गेले म्हणून पुस्तकातली अक्षरं पुसली जात नाहीत. यांच्या महाधमनीला फुगवटा होता, तो तुकडा आम्ही यांच्याच पेशींपासून वाढवतोय. तीन आठवडे लागतील. तो बसवला की ऊब द्यायची."

"मग मृत्यूची नोंद का केलीत?"

"कायदा." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "जिवंत माणसाचं सगळं रक्त काढून घेणं म्हणजे खून. म्हणून थंडीनं हृदय थांबलं की आधी मृत्यू नोंदवायचा आणि मग पुढचं करायचं. माणूस उठला की जवळच्या नातेवाइकानं येऊन ती नोंद रद्द करून घ्यायची. विराम सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. कायदा अजून एवढाच लिहिलाय."

स्वरूपानं मान डोलावली. उठता उठता तिनं सहज विचारलं, "दुसरा इलाजच नव्हता ना?"

डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाल्या, "साधी शस्त्रक्रिया झाली असती. त्यांनीच हे निवडलं. दीडेक महिन्यापूर्वी येऊन सगळं विचारून गेले होते. तुम्हाला बोलले नाहीत?"

"काय विचारलं त्यांनी?"

"लोक सहसा विचारतात, धोका किती. यांनी तो विचारलाच नाही. यांनी कायदा विचारला."

स्वरूपाच्या मनात पाल चुकचुकली. तिनं ती हुसकून लावली. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, प्रत्येक गोष्टीचे नियम वाचायची सवयच त्याला. ती पुन्हा काचेपाशी गेली आणि बाह्यांत हात घातले.

इकडे गावात वेगळीच कुजबुज चालू झाली. दिवा दिसल्यापासून उपळेकरांच्या घरावर पाळत बसली होती. स्वरूपानं कुंकू लावलं की ‘जिवंत आहे’. सुधीर अनवाणी दिसले की ‘मेला’. एकाच घराण्यात एकाकडे सुतक आणि एकीकडे नाही, हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं. लोक मृताच्या घरी जातात तसे दबल्या पावलांनी येत आणि चोराच्या घरी जातात तसे बोलून जात.

नवव्या दिवशी सुधीर गुरुजींना घेऊन आले. सोवनी गुरुजी वयानं थकलेले, बोलायला मऊ. देह मिळत नसेल तर दर्भ आणि पळसाची पानं घेऊन माणसाची आकृती करतात, तिला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं करता येतं. ते कृष्णेच्या घाटावर उद्या उरकून टाकू, असं सुधीरांचं म्हणणं होतं.

"देह मिळत नाही असं कसं म्हणता?" स्वरूपा म्हणाली. "देह तळघरात आहे. मी रोज हात लावून येते."

"लोक दगड मारतील उद्या घरावर," सुधीर म्हणाले. "एकदा घाटावर धूर दिसला की सगळं शांत होईल. तू येऊ नकोस हवं तर. अडवू नकोस, बास."

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "बाई, एक सांगून ठेवतो, मागाहून बोल नको. ज्याचं क्रियाकर्म झालं तो समजा परत आला, तर त्याला उंबऱ्याच्या आत तसंच घेता येत नाही. तो नव्यानं जन्मलेला धरतात. पुन्हा बारसं, पुन्हा मुंज. बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा. तोवर तो या घरातला कुणी नव्हे."

"आणि तोवर मी कोण?"

गुरुजी पंचा खांद्यावर टाकून उठले.

तिनं हो म्हटलं नाही. सुधीरांनी तिच्याविना केलं. घाटावर बघ्यांची ही गर्दी झाली. पळसाच्या पानांचा माणूस चट्‌कन पेटला, चट्‌कन संपला. पण सुधीरांचा अंदाज साफ चुकला. गाव शांत झालं नाही, उलट पिसाळलं. माणूस सोडून पानं जाळणारे हे लोक आपल्याला दूधखुळे समजतात, असं म्हणत घाटावरची माणसं थेट स्वरूपाच्या फाटकाशी येऊन बसली. त्यांत पुढे तारामावशी होत्या. त्या ओरडत नसत, शिव्या देत नसत. खिडकीकडे तोंड करून नुसत्या बसत आणि स्वरूपाला तेच जास्त लागायचं.

ऊब द्यायचा दिवस उजाडला तेव्हा डॉक्टरांनी तिला काचेबाहेर उभं राहू दिलं. साखरेचं द्रव निघालं, रक्त आत गेलं. पांढुरक्या चेहऱ्यावर गळ्यापासून वर एक गुलाबी रेघ चढत गेली. आकडे वाढत होते, रेष सरळच होती. मग ती एकदा उडाली. सगळे थांबले. पुन्हा उडाली, आणि मग उडतच राहिली. स्वरूपानं काचेला कपाळ टेकलं. तिला आनंदानं रडू येणार असं वाटत होतं, पण आलं नाही. इतके दिवस दाबलेलं रडू कुठंतरी वाट चुकलं होतं.

दुपारी निरंजननं डोळे उघडले. तिला पाहिलं, ओळखलं. ओठ हलले. ती वाकली.

"किती वाजता गेलो असं लिहिलंय?" तो म्हणाला.

तिला वाटलं, भ्रम असेल. "अहो, मी स्वरूपा."

"माहीत आहे. नोंद अजून तशीच आहे ना? रद्द केली नाहीस ना?"

"आत्ताच उठलात तुम्ही. उद्या करू."

"नको," तो म्हणाला आणि समाधानानं त्यानं डोळे मिटले.

आठवड्यानं त्याला झाकलेल्या गाडीतून मागच्या दारानं घरी आणलं. अंगाची ऊब पूर्ववत व्हायला दोनतीन महिने लागतात, श्वासही तोवर संथ असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वरूपाला ते पाठ होतं. तरी त्याच्या शेजारी बसलं की अंगावर काटा यायचा. मिरजेचे डास, पंखा कितीही जोरात असू दे, तिला फोडून काढत. त्याच्या उघड्या हातावर एक बसत नसे. डास ऊब आणि श्वास हुंगत येतात, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. त्याला भूक नव्हती. समोर ताट ठेवलं की तो जेवायचा, उचललं की थांबायचा. झोपेत कूस बदलत नसे. ती मध्येच उठून त्याच्या छातीवर हात ठेवी, ठोका लागला की हात काढून घेई आणि आपल्या या तपासणीची तिला शरम वाटे.

बाहेर लोक होतेच. गाडी आल्याचं त्यांना कळलं होतं. प्रेत आणलं, असं निम्मे म्हणत होते. निम्म्यांच्या मते दुसऱ्याच कुणाला तरी त्याचे कपडे घालून आणलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं तिला समोर बसवलं. पूर्वी हिशेब समजावून सांगायचा तसाच शांत आवाज.

"स्वरू, नीट ऐक. कर्जं बुडाली होती. ती मी लपवली. लपवायला आणखी घोटाळे केले. मी खाल्लं नाही, पण सह्या माझ्याच आहेत. खटला उभा राहिला तर मी उरलेलं आयुष्य आत काढीन. पण मेलेल्यावर खटला चालत नाही. परत आलेल्यावर चालवायचा की नाही, याचं कलमच अजून नाही. नोंद रद्द झाली नाही तर निरंजन उपळेकर नावाचा माणूस नाही. क्रियाकर्म झालं, धूर गावानं बघितला, दादा सगळं सांगून गेला."

"भाऊजींना माहीत होतं?" तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"दादाला सांगून ठेवलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तुला खोटं बोलता येत नाही. तू खरोखरच वाट बघायला हवी होतीस." तो किंचित हसला. "फक्त ती समई लावायला नको होतीस. आता एवढंच कर. फाटकाशी जा आणि सांग, गेले. आणलं ते अंत्यसंस्कारासाठी आणलं म्हण. महिन्याभरात मंगळूरला जाऊ. तिथं पुन्हा लग्न करू, गुरुजींच्या नियमानं. कशी वाटते कल्पना?"

त्यानं तिचा हात हातात घेतला. हात थंड होता. पण हाताची पकड, अंगठ्यानं मनगट चोळायची पद्धत, सगळं सव्वीस वर्षांचं होतं. स्वरूपाला त्याच्यावर प्रेम होतं, आजही होतं, आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. आपण तळघरात उभं राहून ज्या सरळ रेषेला नवस बोललो, तिची यानं दीड महिना आधी चौकशी करून ठेवली होती. आपलं वाट बघणंसुद्धा यानं हिशेबात धरलं होतं.

"जाते," ती म्हणाली. पदर सारखा करून बाहेर गेली.

फाटकाशी पंधरावीस माणसं होती. तिला पाहून सगळी उठली. तारामावशींचे पाय सुजले होते, त्यांना उठताना फाटकाचा आधार घ्यावा लागला. "काय ते एकदाच सांग पोरी," त्या म्हणाल्या. "भांडायला आता त्राण न्हाई माझ्यात. गेले असतील तर मी घरी जाऊन पडते."

स्वरूपानं तोंड उघडलं. ‘गेले’ एवढाच शब्द होता. तो म्हटला की नवरा आपला राहणार होता.

तिनं फाटकाची कडी काढली, तारामावशींचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेली. निरंजन खुर्चीत बसला होता. तो उठायच्या आत तिनं मावशींचा सुरकुतलेला तळवा उचलून त्याच्या छातीवर टेकवला.

मावशींनी झटक्यात हात मागे घेतला. "थंड हाय गं!"

"असू दे. थांबा थोडं. लागतंय का बघा."

मावशींनी पुन्हा हात ठेवला. डोळे मिटून, मान तिरकी करून त्या लक्ष देऊन राहिल्या. निरंजन मावशींकडे बघत नव्हता, स्वरूपाकडे बघत होता. उठल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"चालतंय की," मावशी पुटपुटल्या.

"स्वरू, तू मारलंस मला," तो म्हणाला.

दारात माणसं जमा झाली होती. कुणी आरडाओरडा केला नाही. तारामावशी बाजूला झाल्या आणि त्यांच्यामागचे गृहस्थ चपला बाहेर काढून आत आले, वाकले, निरंजनच्या छातीवर हात ठेवून क्षणभर थांबले आणि मान हलवून बाहेर गेले. मग त्यांच्यामागची बाई. मग तिची सून. कुणी सांगितलं नसताना रांग लागली. अंत्यदर्शनाला लागते तशी, मुकाट्यानं पुढे सरकणारी. निरंजन खुर्चीत ताठ बसून होता आणि एकेक तळवा त्याच्यावर टेकत होता.

स्वरूपा स्वयंपाकघरात गेली, भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. घरातलं माणूस गेल्यावर बायका रडतात तशी, नाव घेऊन. बाहेर रांगेतल्या लोकांना ते ऐकू जात होतं. त्यांनी माना खाली घातल्या.